शिवेवरची काळी मोटार

आमच्या गावाच्या शिवेवर, सौंदडकडे जाणाऱ्या गाडरस्त्याच्या डाव्या हाताला, दोन गाड्या गंजत पडल्या होत्या. एक जीप होती, तिची चाके कधीच कोणी तरी नेली होती आणि बोनेटच्या जागी बोराटीचे झुडूप उगवले होते. दुसरी काळी मोटार. तिला दारे होती, काचा होत्या, मागची गादी होती, सुकाणूचे चाकही होते. टायर जमिनीत अर्धे रुतले होते आणि त्यांच्या पोटात पावसाचे पाणी साचून राहायचे. पावसाळ्यात एक रानवेल दरवर्षी तिच्या छपरावर चढायची आणि उन्हाळ्यात वाळून पडायची. आज मी गोंदियाजवळ फुलचूरला राहते. बायपासच्या कडेला मोडक्या ऑटोंची, ट्रकांची रांगच्या रांग दिसते आणि त्यांच्याकडे कोणी बघतही नाही. आमच्या गावात मात्र त्या दोन गाड्यांना ओळख होती. जीप कोणाचीच नव्हती, म्हणून सगळ्यांची होती. काळी मोटार आमच्या बाबांच्या भरवशावर होती.

ती तेंदूपत्त्याच्या एका ठेकेदाराची. नाल्याच्या उतारावर तिचा आस मोडला, तेव्हा चार बैलजोड्या लावून तिला वर ओढले आणि आमच्या बांधीला, म्हणजे धानाच्या शेताला, लागून जी पडीत जागा होती तिथे आणून ठेवले. ठेकेदार गोंदियाचा, हिंदी बोलणारा. जाताना तो बाबांना म्हणाला, "काका, गाडी पर नजर रखना, आठ दिन में आता हूँ." तो परत आला नाही. त्या आठ दिवसांची नऊ वर्षे झाली. बाबांना हिंदी येत नव्हती, पण ते वाक्य त्यांनी जसेच्या तसे ध्यानात ठेवले होते आणि कोणी मोटारीला हात लावला की ते त्याच शब्दांत म्हणून दाखवायचे. गोंदियाहून सायकलवर एक भंगारवाला यायचा. तो दर वेळी मोटारीभोवती दोन फेऱ्या मारून बाबांकडे यायचा आणि बाबा दर वेळी सांगायचे, "माही नाही ते. लोकाची ठेव हाये." पावसाळ्याच्या तोंडावर ते तिच्या आत धानाची वाळलेली तणस भरायचे. तणस कोरडी राहायची आणि मोटारही आतून सडत नव्हती, असा त्यांचा हिशेब.

दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. नाव तेजराम, पण शाळेच्या हजेरीपुस्तकाबाहेर त्याला त्या नावाने कोणी हाक मारत नसे. घरात दोन खोल्या आणि एक पडवी. पडवीत ढेकी होती. माय आणि शेजारच्या बाया आळीपाळीने तिच्यावर पाय देऊन धान कांडायच्या, आणि ढेकीचा तो धप्प, थोडी उसंत, पुन्हा धप्प असा आवाज सकाळपासून भिंतींतून येत राहायचा. धाकटा नानू त्या तालावर मान हलवायचा. या आवाजात दादाला वाचता यायचे नाही. म्हणून तो पुस्तक घेऊन काळ्या मोटारीत जाऊन बसायचा. पुढच्या गादीवर बसून पुस्तक सुकाणूच्या चाकावर टेकवायचा. मी मागे, तणसीवर. तो मोठ्याने वाचायचा आणि मी ऐकायची. गाडीत शिरण्याआधी तो चपला काढायचा, मागच्या बाजूला, एकीला एक लावून. घरात शिरताना काढतो तशा. मला हसू यायचे, तर म्हणायचा, "लोकाची गाडी हाये, विमल. माती नेऊ नये." बाबांचा हा एक गुण त्याच्यात पुरता उतरला होता. सौंदड स्टेशनात गाडी शिरल्याची शिटी वाऱ्याची दिशा बरी असली की तिथपर्यंत यायची. दुपारच्या गाडीची शिटी झाली की आम्ही पुस्तक मिटून घरी जायचो. माझे पुढचे सगळे आयुष्य एका शाळेच्या ग्रंथालयात गेले. ते त्या मोटारीतच सुरू झाले, असे मला अजून वाटते.

त्या वर्षी धानाची रोवणी आटोपली आणि गावात ताप आला. थंडी वाजून यायचा, अंगावर तीन गोधड्या टाकल्या तरी दात वाजायचे, मग घाम फुटून माणूस रिकामा व्हायचा, आणि एक दिवस सोडून पुन्हा तेच. आधी शिवेकडच्या, त्या गाड्यांच्या बाजूच्या घरांत आला, मग आमच्या आळीत. शाळेचे मास्तर पडले, शाळा बंद झाली. दोन मुले दगावली. त्यांतला एक आमचा नानू. तीन वर्षांचा होता. त्याच्याबद्दल मी इथे जास्त लिहिणार नाही. तो गेला त्या दिवसापासून मायने ढेकीला पाय लावला नाही, एवढेच सांगते. बाया तांदूळ दुसऱ्यांच्या घरून कांडून आणायच्या. घर इतके शांत झाले की दादा आता पडवीत बसूनही वाचू शकला असता. पण तो वाचत नव्हता.

डोमाजी म्हणून एक म्हातारे होते. अंगारा द्यायचे, गावाच्या शिवेची पूजा त्यांच्याकडे होती. पोळ्याच्या चार दिवस आधी ते आमच्या पडवीत येऊन बसले. सोबत आळीतले पाच-सहाजण. मायने काळा चहा दिला. डोमाजींनी कप खाली ठेवला आणि बाबांना म्हणाले, "सीताराम, तुनं ठेव राखली, गावानं पाह्यलं. पन ठेकेदार मेला का जिता हाये, कोनाले ठाऊक. त्या काऱ्या गाडीत पीडा बसून हाये. तिच्याच अंगच्या घरातून ताप सुरू झाला. यंदा नारबोद तिच्यातच घालू अन् जाळू."

दादा दाराशी उभा होता. तो म्हणाला, "पीडा नाही काका, मच्छर हाये. टायरात पानी साचून राह्यलं हाये, त्यात अंडे घालते. पानी ओतून देऊ, वरून मातीचं तेल टाकू. गाडी कायले जाळता?"

"मास्तरनं शिकवलं का?"

"पुस्तकात हाये."

"मंग मास्तरकडं त लई पुस्तकं हायेत," डोमाजी म्हणाले. "त्याले काऊन ताप आला गा?"

पडवीतले सगळे हसले. नानू गेल्यानंतर आमच्या घरात ते पहिले हसू, आणि ते दादावर होते. बाबा हसले नाहीत. ते बराच वेळ स्वतःच्या तळहाताकडे पाहत होते. मग म्हणाले, "गावाचं म्हननं असन तं जाळू. पन आगपेटी मी लावीन. ठेव माह्याकडं हाये, तं द्याचीही मीच."

नारबोद म्हणजे काय, हे आता आमच्याच घरातल्या नातवंडांना सांगावे लागते, म्हणून लिहून ठेवते. पोळ्याच्या दिवशी दारोदार पळसाच्या फांद्या लावतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उपटायच्या, घरातला जुना झाडू, फुटके सूप, फाटकी टोपली सोबत घ्यायची आणि डबे बडवत, ढोल वाजवत, रोगराई घेऊन जा असे पीडा वाहून नेणाऱ्या नारबोदीला ओरडून सांगत शिवेबाहेर जायचे. तिथे सगळे टाकायचे. काही ठिकाणी जाळतात. टाकून झाले की एकदम गप्प व्हायचे. घरी येऊन पाय धुवेपर्यंत बोलायचे नाही आणि मागे वळून पाहायचे नाही. मागून हाक आली तरी ओ द्यायची नाही, कारण हाकलून दिलेली पीडा ओळखीच्या आवाजात बोलावते, असे म्हणत. त्या वर्षी डोमाजींनी यात आणखी एक भर घातली. ज्या घरातले माणूस गेले आहे त्यांना गेलेल्याचाच आवाज येईल, तेव्हा त्या घरच्यांनी जास्त सांभाळावे. हे त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितले. त्यात दुष्टावा नव्हता. त्यांचाही एक मुलगा पूर्वी गेला होता.

पोळ्याच्या दिवशी बैल बोडीवर, गावच्या लहान तळ्यावर, धुतले, शिंगे रंगवली, सगळे रीतीप्रमाणे केले. सुतकातले घर असले तरी बैलांना उपाशी ठेवत नाहीत. मायने सुवाऱ्या म्हणजे पुऱ्या तळल्या, उडदाचे वडे केले, कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या केल्या. तेलाचा वास घरभर होता आणि कोणालाच भूक नव्हती. संध्याकाळी तोरणाखालून बैल परत आले, आम्ही जेवायला बसलो, आणि दादा एकदम बोलला.

"नऊ वर्ष एक खिळा काढू देल्ला नाही तुमी. अन् आता जाळाले निंगाले?"

"नानू गेला," बाबा म्हणाले.

"नानू तापानं गेला. मी म्हनून राह्यलो होतो, सौंदडले नेऊ, गाडीत बसवू, गोंदियाच्या दवाखान्यात दाखवू. तुमी डोमाजीचा अंगारा लावत बसले."

माय म्हणाली, "तेजराम." तिने त्याला नावाने हाक मारलेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. बाबा उठले. त्यांचा हात खरकटा होता, त्याच हाताने त्यांनी दादाच्या तोंडात मारली. भाताची शिते दादाच्या गालाला चिकटून राहिली. त्यांनी त्याच्यावर कधी हात उचलला नव्हता. दादाने गाल पुसला नाही. ताटाला नमस्कार केला, उठला आणि म्हणाला, "मी मामाच्या घरी जातो." मामा तिरोड्याकडे बोदलकशाला. रुसला की तो तिकडेच जायचा, त्यामुळे मायने बाबांना एवढेच सांगितले की जाऊ द्या, दोन दिवस राहील आणि येईल.

पण या वेळी सौंदडहून तिकडे जाणारी गाडी नव्हती, हे मला माहीत होते. अजून उजेड होता. मी पळसाच्या पानात दोन सुवाऱ्या आणि चार वडे बांधले आणि बोडीवर जाते असे सांगून निघाले. चपला मोटारीच्या मागे होत्या, एकीला एक लावून. तो मागच्या गादीवर तणसीत पाय पोटाशी घेऊन पडला होता. अंगावर पोते. डोळे तांबारलेले.

"ताप आला का दादा?"

"थंडी वाजून राह्यली. जाईन थोड्या वेळात."

"घरी चाल."

"मी नाही येत. पहाटेच्या गाडीनं जातो. कोनाले सांगजो नको. शपथ घे."

"उद्या नारबोद हाये. इथंच येतेत सगळे."

"ते येईपर्यंत मी तिरोड्याच्या गाडीत बसलो राहीन." त्याने एक वडा अर्धा खाल्ला आणि बाकीचे परत माझ्या हातात दिले. "तू खा. पुस्तक घरी ने, पावसात भिजन."

मी पुस्तक परकराच्या ओच्यात घेतले आणि शपथ घेतली.

सकाळ ढगाळ होती. रात्री एक सर येऊन गेली होती आणि बांधीत पाणी भरून धानाची पाती नुसती वर आली होती. ढोल पुढे, मग डोमाजी, मग मोठे पुरुष, मग आम्ही मुले. बाया शिवेपर्यंत येत नसत. सगळे बेंबीच्या देठापासून ओरडत होते, मीही ओरडत होते. ओरडायला बरे वाटत होते. नानूच्या तापाला, घरातल्या शांततेला, बाबांच्या त्या हाताला, सगळ्यालाच जा म्हणता येत होते. मोटारीजवळ पोचलो तेव्हा तिच्या काचा आतून धुरकटल्यासारख्या होत्या आणि बाहेरून वेलीने अर्ध्याअधिक झाकल्या होत्या. पुरुषांनी फांद्या बोनेटवर, छपरावर, खाली चाकांमध्ये रचल्या. झाडू आणि सुपे पुढच्या अर्धवट उतरलेल्या काचेतून, आत न डोकावता, तणसीवर ढकलली. डोमाजी म्हणाले, पीडा बाहेर निघायला नको. मग तार आणली गेली, एका दाराच्या कडीतून छपरावरून दुसऱ्या दाराच्या कडीत ओढून पिळून बांधली. मी मागच्या बाजूला उभी होते. आणि मला चपला दिसल्या.

मी हे आजवर कोणाला सांगितलेले नाही. मायला नाही, माझ्या नवऱ्याला नाही, दादाला तर नाहीच. चपला काल होत्या तिथेच होत्या, तशाच, फक्त पावसाने भिजून काळ्या पडलेल्या. मी बारा वर्षांची होते, लहान नव्हते. त्या पाहून काय समजायचे ते मला समजत होते. पण त्याच क्षणी माझ्या मनाने दुसरे काही तरी रचले. तो शाळेचे कापडी बूट घालून गेला असेल. बूट तर घरी होते, मी सकाळीच पाहिले होते. तरीही मी स्वतःला तसे सांगितले. शपथ होती. बाबा समोर होते आणि काल संध्याकाळचा राग त्यांच्या चेहऱ्यावरून अजून गेला नव्हता. ढोल वाजत होता. एवढ्या सगळ्या माणसांना एका मुलीने थांबा म्हणायचे, हे मला जमले नाही. बाबांनी मातीचे तेल ओतले. त्यांची काडी दोनदा विझली. तिसरी पेटली. मग डोमाजींनी हात वर केला, ढोल थांबला, आणि सगळे गावाकडे तोंड करून वळले.

आता मुले पुढे होती, मी मागे पडले होते आणि बाबा सगळ्यांच्या मागे. चिखलात पायांचा तेवढा आवाज. मी आठ-दहा पावले चालले असेन. प्रत्येक पाऊल मला वेगळे आठवते. मग मागून आतल्या आत दाबलेला असा आवाज आला, "बाबा."

सगळ्यांनी ऐकला. माझ्या पुढच्या माणसाचे खांदे वर उचलले गेले, एकाने कानांवर हात ठेवले, आणि सगळे अधिक भराभर चालू लागले. कारण हेच तर सांगितले होते, की आवाज येईल. मी वळले. माझ्या मागून बाबा येत होते, त्यामुळे मला मोटारीच्या आधी त्यांचा चेहरा दिसला. ते थांबले होते. एक पाय पुढे, डोळे मिटलेले, ओठ घट्ट. पुन्हा आवाज आला, "बाबा, दार." बाबांनी डोळे न उघडता पाय उचलला आणि चालू लागले. माझ्याजवळ येऊन डोळे उघडले, मी वळलेली दिसले तसे माझा खांदा धरून त्यांनी मला गावाकडे फिरवले. पकड घट्ट होती.

मी ती सोडवून पळाले. पुढच्या बाजूने धूर दाट निघत होता. ओली पाने होती म्हणून ज्वाळा अजून लहान होती, आत तणस मात्र पेटली होती. मागच्या काचेवर दादाचा तळवा होता. मी कडीची तार ओढली, ती माझ्या बोटांत रुतली आणि हलली नाही. "बाबा, दादा हाये आत. दादा हाये." मी ओरडत होते आणि ती सगळी पाठमोरी माणसे दूर चालली होती. आता दोन आवाज झाले होते, एवढेच त्यांना कळत होते. मी जितकी मोठ्याने ओरडले, तितकी त्यांची पावले लवकर पडली.

रस्त्याच्या पलीकडे सुखदेवकाका त्यांच्या बांधीच्या कडेची फुटलेली पार माती टाकून बांधत होते. त्यांच्या वडिलांनी धम्म घेतला तेव्हापासून त्यांच्या घरून नारबोद निघत नव्हती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, सगळे गाव शिवेवर असायचे आणि ते आपल्या कामावर. त्यांनी माझे ओरडणे ऐकले आणि सरळ उभे राहिले.

"काय झालं वो बाई?"

"दादा हाये आत."

त्यांनी पुढे काही विचारले नाही. फावडे घेऊन गुडघाभर पाण्यातून धावत आले. "तोंड झाक," असे आत ओरडले आणि मागच्या काचेवर फावडे घातले. पहिल्या घावाला काच नुसती तडकली. दुसऱ्याला आत पडली, आणि काळा धूर आमच्या तोंडावर आला. काच फुटल्याचा आवाज पीडेचा नव्हता. तो लोखंडाचा आवाज होता. बाबा तेव्हा वळले. ते कसे धावत आले ते मी पाहिले नाही, मला दिसले तेव्हा ते दाराशी होते आणि तापलेली तार नुसत्या हातांनी उलगडत होते. सुखदेवकाका म्हणाले, "ते सोड गा सीताराम, इकडून ओढ." मग दोघांनी दादाला काखेत धरून काचेतून बाहेर ओढला. त्याच्या डाव्या हाताची कोपरापासून खालची कातडी गेली होती आणि कानाची पाळी भाजली होती. तो श्वास घेत होता. बाबांच्या तळहातांवर तारेचा वळ उठला होता. तो पुढे कधीच गेला नाही.

बैलगाडीने सौंदड, तिथून गोंदियाचा दवाखाना. सुखदेवकाका सोबत गेले. मायला आणि मला दुसऱ्या दिवशी नेले. दादा झोपला होता, हाताला पांढरी पट्टी. बाबा पलंगाच्या पायथ्याशी जमिनीवर बसले होते, दोन्ही हातांना फडके बांधलेले. मायने दादाच्या कपाळावर हात ठेवला, ताप पाहिला, मग बाबांकडे वळून हळू आवाजात विचारले, "तुमाले आयकू नाही आलं?"

बाबा म्हणाले, "आलं. मले वाटलं नानू."

माय त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली. त्या दोघांत या विषयावर पुन्हा कधी शब्द झाला असेल, असे मला वाटत नाही.

गावात दोन महिने ताप राहिला. मग सरकारी माणसे पाठीवर पंप घेऊन आली, घराघरांत पांढरी फवारणी केली, गोळ्या वाटल्या, आणि तो ओसरला. तोवर गावात बोलले जात होते की पोरगी मागे वळली म्हणून पीडा परत आली. डोमाजी एकदा पडवीत येऊन तसे म्हणाले, मोठ्याने नाही, दुःखाने. बाबा म्हणाले, "ते वळली म्हनून माहं पोरगं हाये, डोमाजी." मग चहा आला आणि दोघांनी घेतला. बाबा सुखदेवकाकांच्या घरी जाऊन त्यांच्या ओसरीवर बसू लागले, तिथले पाणी पिऊ लागले. आधी ते कधी पीत नसत. त्यावरही गावात बोलले गेले. काळ्या मोटारीचा सांगाडा राहिला. तो भंगारवाला पुन्हा आला तेव्हा बाबांनी त्याला काही सांगितले नाही. तो दोन खेपांत सगळे घेऊन गेला.

दादा पुढे कंपाउंडर झाला, सडक-अर्जुनीकडे नोकरी केली, गावोगाव सायकलवर फिरून गोळ्या वाटल्या. संसार केला, मुले शिकवली. बाबांची त्याने शेवटपर्यंत सेवा केली. त्या सकाळबद्दल तो कधी बोलला नाही आणि आम्ही त्याच्यासमोर तो विषय काढला नाही. मला वाटायचे, तापात होता, त्याला काही आठवत नसेल.

या हिवाळ्यात तो गेला. जाण्याआधी अकरा दिवस गोंदियात एका दवाखान्यात होता, छातीत पाणी झाले होते. दुपारी मी त्याच्याजवळ बसायची. त्याच्या सुनेला तेवढीच विश्रांती. मी त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवायची आणि तो डोळे मिटून ऐकायचा. एका दुपारी वाचता वाचता त्याने हात वर केला. मी थांबले.

"विमल, एक विचारू का?"

"विचार ना."

"त्या दिवशी बाबाले माहा आवाज गेला होता का?"

त्याने कोणता दिवस ते सांगितले नाही. मला विचारावेही लागले नाही. साठ वर्षांत मी या प्रश्नाची तयारी इतक्या वेळा केली होती, की उत्तर आपोआप तोंडून निघाले. "नाही," मी म्हटले. "लई दूर गेले होते ते."

तो हसल्यासारखा झाला. मग खोकला आला. मी त्याला टेकवून बसवले, पाठ चोळली. श्वास सापडल्यावर तो म्हणाला, "दूर नाही गेले होते. वीस हात असन. मी काचेतून पाहून राह्यलो होतो. त्यायची पाठ दिसत होती मले."

मी त्याच्या पाठीमागची उशी नीट केली.

"थांबले होते ते," दादा म्हणाला. "मी हाक मारली अन् ते थांबले. एवढे लोकं होते, विमल. बाकी कोनी थांबलं नाही."

हे तो तक्रार म्हणून सांगत नव्हता. इतकी वर्षे जपलेली गोष्ट कोणाला तरी दाखवावी, तसे सांगत होता. बाबांचे ते थांबणे मी आयुष्यभर त्यांचा गुन्हा म्हणून धरून ठेवले होते, कारण ऐकून, थांबून ते पुढे चालले होते. आणि ज्याच्या आवाजाने ते थांबले असे दादाला वाटत होते, तो आवाज त्यांच्या कानात दुसऱ्याच मुलाचा होता. हे आता जगात एकट्या मला माहीत होते. आणि त्याच्या त्या "बाकी कोनी" मध्ये चपला पाहून आठ-दहा पावले चालत गेलेली मीही होते. तेही त्याला ठाऊक होते की नाही, हे विचारायला माझ्याकडे आणखी चार दुपारी होत्या.

मी वर्तमानपत्र उचलले. तो म्हणाला, "वाच." जिथे थांबले होते ती ओळ मला सापडली नाही, म्हणून मी पान सुरुवातीपासून वाचायला घेतले.